यंत्र रक्त धुते; पायांत बळ कोण भरणार?

मराठीचा अध्यापक म्हणून वीस वर्षे काढली की माणसाला शब्द उलटेसुलटे करून पाहण्याची खोड लागते. 'हातपाय गळणे' ह्या वाक्प्रचाराचा अर्थ मुले परीक्षेत 'धीर खचणे' असा लिहितात आणि पुरे गुण घेऊन जातात. परंतु हा वाक्प्रचार ज्या कोणी प्रथम वापरला असेल, त्याने खरोखरीच कुणाचे तरी हातपाय गळताना पाहिले असले पाहिजेत. मांडीचे मांस झडते, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात, जिन्याची पहिली पायरी डोंगराएवढी वाटू लागते. आणि धीर खचतो तो त्यानंतर. हा क्रम गेल्या सहा वर्षांत मी आमच्या घरातच पाहिला आहे.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, ह्यांची दोन्ही मूत्रपिंडे मधुमेह आणि रक्तदाब ह्या जोडगोळीने निकामी केली. सहा वर्षांपासून ते डायलिसिसवर आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातले तीन दिवस आणि दर खेपेस चार तास. गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचे बिऱ्हाड. लिफ्ट नाही. पायऱ्या चौपन्न. पहिली दोन वर्षे ह्या पायऱ्यांचा कुणी हिशेब ठेवला नव्हता. तिसऱ्या वर्षी दादा प्रत्येक मजल्यावर थांबू लागले. चौथ्या वर्षी शेवटच्या मजल्यावर चाळीतली दोन मुले त्यांना खुर्चीत बसवून उचलून नेऊ लागली. डायलिसिस वेळच्या वेळी होत होते, रक्ताचे रिपोर्ट बरे येत होते, वजनही तेच होते. मग पाय का गळावेत? हा प्रश्न वहिनींनी मला विचारला. मी वैद्यकाचा माणूस नव्हे. परंतु पुस्तके चाळणे आणि जाणत्यांना विचारणे एवढे मला येते. तेवढ्या भांडवलावर जे हाती लागले, ते ह्या लेखात मांडतो आहे. कारण आज डायलिसिसवरचा माणूस बहुतेकांच्या नात्यात किंवा शेजारात असतोच.

आधी यंत्राविषयी थोडेसे. कृत्रिम मूत्रपिंडाची कथा कादंबरीसारखी आहे. हॉलंड जर्मनांच्या टाचेखाली असताना, १९४३ साली, काम्पेन नावाच्या छोट्या गावात विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टराने लाकडी पिंप, सॉसेज भरण्याच्या सेलोफेनच्या नळ्या आणि मिळेल ते सामान जोडून पहिले यंत्र उभे केले. आरंभीच्या बहुतेक रुग्णांना तो वाचवू शकला नाही. १९४५ साली मात्र ६७ वर्षांची एक बाई त्या यंत्राने शुद्धीवर आली आणि जगली. तरीही एक अडचण उरलीच. दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे चार-सहा खेपांनंतर उपाय संपे. १९६० साली अमेरिकेत सिॲटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर ह्यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवली. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अनेक वर्षे जगला. तेव्हापासून डायलिसिस हा आठ दिवसांचा उपाय न राहता वर्षानुवर्षांचा सोबती झाला.

आणि इथेच आपला विषय सुरू होतो. जो माणूस आठ दिवस यंत्रावर राहणार, त्याच्या मांडीच्या मांसाची चिंता कोण करणार? जो दहा वर्षे राहणार, त्याची मात्र करावीच लागते.

जरा हिशेब करून पाहा. आठवड्याचे तास १६८. निरोगी मूत्रपिंड हे सर्व तास, आपण झोपलो तरी, काम करते. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेते. यंत्राला मिळतात १२ तास. शिवाय मूत्रपिंड म्हणजे केवळ गाळणी नव्हे. ते 'ड' जीवनसत्त्वाला कामाचे रूप देते, तांबड्या पेशी निर्माण करण्याचा हुकूम सोडणारे संप्रेरक तयार करते, रक्तातले आम्ल आटोक्यात ठेवते. यंत्र रक्त धुते; ही बाकीची कामे त्याला पूर्णपणे साधत नाहीत. त्यांची उणीव औषधांनी आणि इंजेक्शनांनी भरून काढावी लागते.

ह्या उण्यापुऱ्या कारभाराचा पहिला फटका स्नायूंना बसतो. कारणे एक नव्हे, अनेक. रक्तात आम्ल साचले की शरीर स्नायूंतली प्रथिने मोडू लागते. जणू दुष्काळात घरातली भांडीकुंडी मोडीत काढावीत तसे. शरीरात सतत धुमसणारा सौम्य दाह ह्या मोडतोडीला हातभार लावतो. इन्सुलिन हे संप्रेरक स्नायूंना बांधणीचा निरोप देत असते. मूत्रपिंडाच्या विकारात स्नायू तो निरोप नीट ऐकत नाहीत. 'ड' जीवनसत्त्व कमी पडले आणि गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी उधळल्या, की कंबर आणि मांड्या ह्यांचे मोठे स्नायू दुबळे होतात. म्हणूनच ह्या माणसांना आधी जिना अवघड जातो, पाटावरून उठणे अवघड जाते, भारतीय पद्धतीच्या संडासात बसणे अशक्य होते. पण हाताने कप मात्र नीट धरता येतो. मधुमेह असेल तर पायांच्या नसाही बधिर झालेल्या असतात. पुष्कळ वर्षांच्या डायलिसिसनंतर मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येतात, पकड सैल होते. रक्त कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने आली, तेव्हापासून रक्ताचा हा प्रश्न पुष्कळ सुसह्य झाला. त्याआधी ह्या रुग्णांना वरचेवर रक्त चढवावे लागे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. डायलिसिसच्या नळ्यांतून विषारी द्रव्यांबरोबर प्रथिनांचे घटकही वाहून जातात. दर खेपेस सुमारे ६ ते १२ ग्रॅम ॲमिनो आम्ले अशी गटारात जातात. शिवाय भूक मंदावलेली, तोंडाला धातूची चव, आणि यंत्रावरून उठल्यावर तो दिवस ग्लानीतच जातो. दादा बुधवारी संध्याकाळी घरी आले की गुरुवारी सकाळपर्यंत बोलतही नसत. शरीरातून जाते अधिक आणि पोटात पडते कमी. पेढी बुडायला आणखी काय लागते? जगभरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी २००८ साली ह्या अवस्थेला एक नाव ठरवून दिले. त्याचे मराठी करायचे तर 'प्रथिने आणि शक्ती ह्यांची झीज' असे करावे लागेल. आमच्या आजीने त्याला एका शब्दात 'खंगणे' म्हटले असते.

आता वहिनींचा प्रश्न. रिपोर्ट चांगले आणि वजन तेच, असे असताना हे कसे घडले? इथे दोन आकडे माणसाला चकवतात. क्रिएटिनिन हा शब्द आता घरोघरी झाला आहे. मूत्रपिंड बिघडले की क्रिएटिनिन वाढते, म्हणून ते उतरले की पेढे वाटावेत असे नातेवाइकांना वाटते. पण क्रिएटिनिन तयार होते कशातून? स्नायूंतूनच. बरीच वर्षे डायलिसिसवर असलेल्या माणसाचे यंत्रावर चढण्यापूर्वीचे क्रिएटिनिन महिन्यामागून महिना उतरत असेल, तर मूत्रपिंड सुधारले असे नव्हे, स्नायू आटले असाही त्याचा अर्थ असू शकतो. दादांचे क्रिएटिनिन उतरत होते आणि वहिनी देवापुढे साखर ठेवीत होत्या! दुसरा आकडा वजनाचा. अंगातले जादा पाणी काढून झाल्यावर जे वजन उरते त्याला डायलिसिसच्या खोलीत 'ड्राय वेट' म्हणतात. स्नायू दोन किलो झिजले आणि त्या जागी दोन किलो पाणी साठले, तर काटा तेच वजन दाखवतो. म्हणून हे ड्राय वेट मधून मधून नव्याने ठरवावे लागते. काट्यापेक्षा मांडीला गुंडाळलेली टेप आणि सदऱ्याची सैल झालेली बाही कधी कधी अधिक खरे बोलतात.

तिसरी गोष्ट जेवणाची, आणि तिथे आमच्या घरात मोठेच महाभारत झाले. मूत्रपिंड अधू झालेले असते पण डायलिसिस सुरू झालेले नसते, तेव्हा डॉक्टर प्रथिने कमी खायला सांगतात. वहिनींनी ते व्रतासारखे पाळले. वरणाची वाटी निम्मी झाली, उसळी बंद झाल्या, दूध चहापुरते राहिले. पुढे डायलिसिस सुरू झाले. व्रत मात्र चालूच राहिले. वास्तविक डायलिसिस सुरू झाल्यावर हा नियम उलटा होतो. तेव्हा वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. अर्धी वाटी वरण आणि मऊ भात ह्यांतून ती येणार कोठून?

आहारतज्ज्ञ बाईंनी हे सांगितले तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. "म्हणजे भावोजी, इतकी वर्षे मी ह्यांना उपाशी ठेवले?" असे त्या म्हणाल्या. त्या बाई मोठ्या समंजस. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितले ते पाळलेत. पुढचे सांगायचे आमच्याकडून राहिले असेल." मग त्यांनी कागद घेऊन बसून हिशेब मांडला. दूध, डाळी, कडधान्ये ह्यांत प्रथिनांबरोबर फॉस्फरस आणि पोटॅशियमही येते, म्हणून ती बेताने घ्यायची. अंड्याचा पांढरा भाग त्या मानाने फार सोयीचा, एकात सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिने आणि फॉस्फरस नाममात्र. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी टाकून मग फोडणीस घालायच्या. डब्यातले आणि पाकिटातले तयार पदार्थ शक्यतो टाळायचे, कारण ते टिकवण्यासाठी फॉस्फेट घातलेले असते. आमच्या घरात अंडे कधी आले नव्हते. वहिनींनी त्यासाठी वेगळे पातेले आणले, ते गॅलरीत ठेवले, आणि महिन्याभराने ते पातेले गुपचूप स्वयंपाकघरातल्या फळीवर येऊन बसले.

चौथी गोष्ट आजाऱ्याला भेटायला येणाऱ्या मंडळींची. अशक्त माणूस म्हटला की आपल्याकडे शहाळे आलेच. त्यामागचा जिव्हाळा मोठा, पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम फार असते, आणि मूत्रपिंड निकामी असलेल्याच्या शरीरातून ते बाहेर पडत नाही. रक्तातले पोटॅशियम एकदम वाढले की पायांतले त्राण जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे हृदयाचा ठेका चुकतो. क्वचित ते थांबतेही. केळी, खजूर, रताळी, शेंगदाणे, सुके खोबरे ह्यांचेही तेच. एकादशीचा फराळ म्हणजे ह्यांतल्या बऱ्याच जिनसांचे संमेलन! म्हणून डायलिसिसवरच्या माणसाचे पाय एकाएकी लुळे पडल्यासारखे झाले, छातीत धडधडले, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून सरबत देत बसू नये. त्याला तडक रुग्णालयात न्यावे. सावकाश येणारा दुबळेपणा वेगळा आणि अचानक येणारा वेगळा.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आजाऱ्याने विश्रांती घ्यावी हे आपण बाळकडूबरोबर प्यालेलो आहोत. दादांनी पेल्याकडे हात नेला की वहिनी पेला पुढे करीत. ते चपला शोधू लागले की पुतण्या पायात घाली. "अहो, तुम्ही बसा" हे वाक्य त्या घरात दिवसातून पन्नास वेळा ऐकू येई. ह्यात प्रेमाखेरीज काहीही नव्हते. पण न वापरलेला स्नायू आटतो, हा नियम प्रेमालाही सवलत देत नाही. यंत्रावरचे बारा तास निजून, येण्याजाण्याचे तास टॅक्सीत बसून, ग्लानीचे दिवस अंथरुणावर, आणि उरलेला वेळ कुटुंबीयांच्या मायेने आरामखुर्चीत. मग मांडीने कशासाठी टिकून राहावे? दुबळेपणामुळे हालचाल कमी आणि हालचाल कमी म्हणून दुबळेपणा अधिक, असा हा रहाट फिरत राहतो.

अखेर पुतण्याने सुचवले, की गिरगावची जागा सोडावी आणि डोंबिवलीला लिफ्टच्या इमारतीत जावे. सल्ला व्यवहाराचा होता. परंतु दादांचा जन्म त्या चाळीतला. गणपती तिथला, मित्र तिथले, डायलिसिसचे केंद्रही दहा मिनिटांवर. ते काही बोलले नाहीत, फक्त "तुम्ही म्हणाल तसे" म्हणाले. आयुष्यभर ज्यांचा शब्द घरात शेवटचा, त्यांच्या तोंडून हे ऐकणे फार जड गेले. स्नायूंबरोबर माणसाचा घरातला अधिकारही कसा झिजत जातो, ते मला त्या दिवशी समजले.

घर विकण्यापूर्वी सहा महिने थांबावे असे डॉक्टरांनी सुचवले आणि एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवले. तिने पहिल्याच दिवशी घड्याळ लावले आणि म्हणाली, "काका, हात छातीशी घ्या. एका मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता-बसता येते बघू." दादा म्हणाले, "म्हणजे उठाबशाच की! शाळेत गणिताच्या मास्तरांनी पुष्कळ काढायला लावल्या आहेत." त्या दिवशी आठ झाल्या.

ही उठाबशांची परीक्षा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जर्मनीत नऊशेंहून अधिक डायलिसिसच्या रुग्णांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या केंद्रांतल्या रुग्णांकडून यंत्रावर असतानाच, आठवड्यातून तीनदा, निजल्यानिजल्या पायटे मारण्याचा आणि स्नायूंच्या ताणाचा व्यायाम करून घेतला. आरंभी दोन्ही गटांना मिनिटाला सरासरी १६ उठाबशा काढता येत होत्या. वर्षाअखेर व्यायाम करणारे १९ वर गेले. न करणारे १५ च्याही खाली आले. इटलीत २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर त्याहून सोपा. २९६ रुग्ण, त्यांतल्या निम्म्यांना डायलिसिस नसलेल्या दिवशी घरीच, दोनदा, दहा दहा मिनिटे, तालयंत्राच्या ठोक्यावर चालायला सांगितले. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत त्यांनी कापलेले अंतर सरासरी ३२८ मीटरांवरून ३६७ मीटरांवर गेले. न चालणारे होते तिथेच राहिले. सगळीकडेच असे यश येते असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्णांच्या जीवनमानात फरक दिसला नाही. पुष्कळांचा व्यायामाचा नेमच टिकला नव्हता. म्हणजे औषध आहे, पण ते रोज घ्यावे लागते, आणि घ्यायला लावणारे कुणी तरी जवळ असावे लागते.

दादांचा नेम असा ठरला. यंत्रावर पहिल्या दोन तासांत पायांचे व्यायाम. नंतर रक्तदाब उतरण्याचा संभव असतो म्हणून नाही. घरी सकाळ-संध्याकाळ गॅलरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणे. खुर्चीतून उठणे-बसणे, आरंभी पाच पाच वेळा. ज्या हातात डायलिसिससाठी शिरा जोडून फिस्ट्युला केलेली आहे, त्या हाताने जड उचलायचे नाही. छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर थांबायचे. हे सर्व डॉक्टरांच्या परवानगीने. ऐकीव माहितीवर कुणी उठाबशा सुरू करू नयेत. वहिनींना मात्र सर्वांत कठीण व्यायाम दिला होता: पेला पुढे न करण्याचा. दादा स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरून जात आणि त्या ओट्याशी उभ्या राहून, पदर मुठीत धरून, नुसत्या पाहत. मी ते दृश्य अनेकदा पाहिले आहे. कुणाचे श्रम अधिक, हे सांगता येणार नाही.

सहा महिन्यांनी काय झाले? चमत्कार काही झाला नाही. मिनिटातल्या उठाबशा आठावरून तेरावर आल्या. मध्ये एकदा ताप आला आणि तीन आठवड्यांत निम्मे कमावलेले गेले. ते पुन्हा मिळवावे लागले. डायलिसिसच्या संध्याकाळी अजूनही ते बोलत नाहीत. परंतु चौपन्न पायऱ्या ते आता आपल्या पायांनी चढतात. प्रत्येक मजल्यावर बसायला चाळकऱ्यांनी एकेक स्टूल ठेवले आहे. डोंबिवलीचा विषय तूर्त बाजूला पडला आहे. गेल्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाची बोलणी निघाली, तेव्हा "हे असे होणार नाही" असे दादा ठणकावून म्हणाले, आणि घरातल्या सर्वांनी माना खाली घालून हसू आवरले.

डायलिसिसवर राहूनही माणूस जगाच्या उपयोगी पडू शकतो, ह्याचे मोठे उदाहरण आपल्या मुंबईशीच जोडलेले आहे. जयप्रकाश नारायण नोव्हेंबर १९७५ मध्ये स्थानबद्धतेतून सुटले ते मूत्रपिंडे निकामी होऊनच. जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्याला निधन होईपर्यंत ते त्यावरच होते. १९७७ च्या निवडणुकीतला त्यांचा सारा वाटा ह्याच काळातला. त्या वेळी हा उपाय थोड्यांच्याच आवाक्यातला होता. २०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस योजना सुरू केली आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ही सोय होऊ लागली. तरीही आपल्याकडे खर्चापायी आणि अंतरापायी तीनऐवजी दोनच खेपांवर भागवणारे पुष्कळ आहेत. त्यांची झीज अर्थातच अधिक. माणूस वाचवण्याची सोय वाढली, त्याला उभे ठेवण्याची अजून वाढायची आहे. ज्या केंद्रात आपला माणूस जातो तिथे आहारतज्ज्ञ आहे का, फिजिओथेरपिस्ट आहे का, हे नातेवाइकांनी विचारले पाहिजे. मागणी झाल्याखेरीज सोय होत नाही.

आणि वाचकहो, ह्या दिवाळीत अशा कुणाच्या घरी जाणार असाल तर एवढेच करा. शहाळे नेऊ नका, चिवड्याचा आग्रह करू नका. तुमच्यासाठी पाण्याचा पेला आणायला तो स्वतः उठू लागला तर "अहो, बसा बसा" म्हणू नका. वेळ लागला तरी थांबा आणि ते पाणी प्या. निघताना त्याला जिन्यापर्यंत पोचवायला येऊ द्या. त्याच्या चालीने चाला.